ज्वाळेविना कढ : घरची बिअर, विजेची शेगडी आणि आपली ज्वारी

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मागच्या बैठकीत ज्वारीच्या प्रक्रियेबद्दल बोलता बोलता आम्ही एक वाक्य सहज बोलून गेलो. अमेरिकेत लोक घरच्या घरी विजेच्या शेगडीवर बिअर बनवतात आणि त्यातले काही जण ज्वारीचीही बनवतात, एवढेच ते वाक्य. सभा संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक मावशी उठून पुढे आल्या. म्हणाल्या, "दादा, दारूपायी माझं घर बुडालं. पहिल्यांदा बैल गेले, मग दोन एकर गेली. आन् तुम्ही आता ती घरात शिजवायला शिकवणार का?"

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. उत्तर नव्हते म्हणून नव्हे. घाईने दिलेले उत्तर मावशींच्या दुःखापुढे फोल ठरले असते म्हणून. गेल्या दोन महिन्यांत आम्ही या विषयाची नीट माहिती घेतली, एक शेगडी विकत आणली, त्यावर प्रयोग केले, दोन भांडी करपवली. आज जे सांगणार आहोत ते मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पटते का ते तुम्ही ठरवा.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणे गुन्हा आहे आणि बिअर त्यातून सुटलेली नाही. तेव्हा हे भाषण ऐकून कोणी घरी जाऊन पिंप भरू नये. आम्ही जामिनाला येणार नाही.

गाळणे वेगळे, आंबवणे वेगळे

आपल्याकडे दारू म्हटली की डोळ्यांपुढे हातभट्टी येते. ओढ्याच्या काठी चूल, तिच्यावर पिंप, वर मडके, नळी, आणि थेंब थेंब गळणारा माल. ते झाले गाळणे. बिअर गाळत नाहीत. धान्याला मोड आणायचे, मोड वाळवायचे, भरडायचे. याला माल्ट म्हणतात. ती भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायची. मोड येताना धान्यात जी पाचक द्रव्ये तयार झालेली असतात, ती पिठाची साखर करतात. पाणी गोड होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचे, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले टाकून तासभर खळखळ उकळायचे, लवकर थंड करायचे आणि यीस्ट टाकून आठ-पंधरा दिवस आंबू द्यायचे. साध्या बिअरमध्ये शंभरात चार-पाच भाग मद्यार्क असतो.

आता या कामात तुम्हाला काय दिसते? आम्हाला दिसतो तो फक्त तापमानाचा खेळ. भरड भिजताना पाणी साठीच्या खाली गेले तर काम रेंगाळते. ऐंशीच्या पुढे गेले तर पाचक द्रव्ये मरतात आणि पिठाचे पीठच राहते. म्हणजे एकदा तासभर अंश-दोन अंशांच्या आत आच धरायची आणि नंतर तासभर तीच शेगडी पूर्ण जोराने चालवायची. एकाच शेगडीने दुधाची आणि गुळाच्या काहिलीची, दोन्ही कामे करायची असा हा प्रकार आहे. घरी बिअर बनवणाऱ्याची सगळी डोकेदुखी या आचेत आहे.

मिनेसोटातले तळघर

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. घर कापूसवाल्याचे, पोरगा संगणकात. त्याला हा छंद लागला. तिकडे बहुतेक लोक या कामाला प्रोपेन गॅसचा मोठा बर्नर वापरतात. आग मोठी, आवाज मोठा, काम झपाट्याचे. पण तो बर्नर अंगणात लावावा लागतो. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात लावला तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस-वीस अंश खाली जातो. अंगणात उभे राहून दोन-तीन तास भांडे कोण राखणार?

म्हणून अशा लोकांनी विजेचा रस्ता धरला. त्यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे भांड्याला भोक पाडून आत हीटर बसवायचा, आपल्या पाणी तापवायच्या हीटरसारखा. तो स्वस्त आणि जोरकस. पण गोड पाणी दाट असते, हीटरवर साखर करपते, आणि प्रत्येक वेळी दांडी घासत बसावे लागते. दुसरी वाट म्हणजे इंडक्शनची शेगडी. भांड्याला भोक नाही, आत दांडी नाही, ज्वाळा नाही, धूर नाही. भांडे उचलले की शेगडी मोकळी आणि भांडे धुवायला मोकळे. पुतण्याने फोनवर काकांना सांगितले, "काका, शेगडीवर कागद ठेवला आणि वर भांडं ठेवलं, तरी खालून जाळ म्हणून काही लागत नाही. तापतं ते भांडं." काकांना वाटले पोरगा थापा मारतो. म्हणून आम्ही शेगडी आणली.

जालन्याची भट्टी आणि स्वयंपाकघर

यात चमत्कार काही नाही. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातली वीज बदलत राहिली तर भोवतालचे चुंबकत्व बदलते, आणि त्या बदलत्या चुंबकत्वात धातू आला की त्या धातूतही वीज वाहू लागते. आपल्या विहिरीवरची मोटर आणि गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर याच नियमावर चालतात. ट्रान्सफॉर्मर गरम होतो ते आपण नुकसान समजतो. इंडक्शनच्या शेगडीत तेच नुकसान कामाला लावले आहे.

काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० फेरे करते. शेगडीतली यंत्रणा ते फेरे वीस हजारांच्या वर नेते. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकत्वात लोखंडी बूड आले की त्या बुडात भोवऱ्यासारखी वीज फिरते आणि बूड स्वतःच तापते. मधल्या काचेला जी उष्णता लागते ती भांड्याकडून उलटी आलेली. जालन्याला ज्यांनी सळयांचे कारखाने पाहिले असतील त्यांना हे नवे नाही. तिथे भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. जी विद्या भंगाराचे पाणी करते तीच चहाचे आधण ठेवते. फरक जोराचा आहे.

जर्मनचे पातेले रुसले

शेगडी आली त्या दिवशी घरातले सगळ्यांत मोठे जर्मनचे पातेले पाण्याने भरून तिच्यावर ठेवले. शेगडी टीं टीं करत राहिली आणि बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा टीं टीं. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या. मग कळले की दोष आमचा होता.

अॅल्युमिनियम आणि तांबे विजेला फार सहज वाट देतात. वाट सोपी असली की वीज वाहते पण अडत नाही, आणि अडल्याशिवाय तापत नाही. लोखंड चुंबकाला धरणारे असल्यामुळे त्यात ही झपाट्याची वीज वरच्या पातळ थरातच कोंडली जाते, तिथे तिला अडथळा होतो आणि बूड तापते. म्हणून शेगडी आधी भांडे ओळखते. जमत नसेल तर नकार देते.

स्टीलच्या भांड्यातही गंमत आहे. स्टील सगळे सारखे नसते. ज्यात निकेल जास्त ते चुंबकाला धरत नाही. अमेरिकेतले बिअरवाले जे चांगले, न गंजणारे स्टील वापरतात, त्याला ३०४ नंबरचे स्टील म्हणतात. ते एकटे या शेगडीवर चालत नाही. ४३० नंबरचे चुंबकाला धरते. म्हणून चांगल्या भांड्यांत आतला थर ३०४ चा, मध्ये उष्णता पसरवायला अॅल्युमिनियम आणि खाली चुंबकाला धरणारे स्टील, असे तीन थर असतात. पुतण्यानेही पहिले भांडे चुकीचेच घेतले होते. भारी स्टील, पण शेगडी ढिम्म. शिकलेला पोरगा आणि न शिकलेले आम्ही एकाच खड्ड्यात पडलो.

यावर उपाय पैशाचा नाही. जुन्या रेडिओच्या भोंग्यातला चुंबक काढा आणि दुकानात भांड्याच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटला तर घ्या. काठाला लावून पाहू नका, बूड महत्त्वाचे. घरातला लोखंडी तवा आणि बिडाची कढई बूड सपाट असेल तर उत्तम चालते.

पंचवीस लिटरचा हिशेब

शेतकऱ्याने कुठल्याही यंत्राचा हिशेब मांडल्याशिवाय कौतुक करू नये. घरची बिअर साधारण २० लिटर बनवतात. उकळताना वाफ होते, म्हणून पाणी २५ लिटर घ्यावे लागते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायचे तर पाण्याच्या पोटात सुमारे २.३ युनिट उष्णता जावी लागते. शेगडीने घेतलेल्या विजेतला शंभरातला सुमारे ८५ भाग भांड्यात पोचतो. म्हणजे मीटरवर २.७ युनिट पडतील. पुढे तासभर उकळून अडीच लिटर वाफ काढायची, त्याला पावणेदोन-दोन युनिट. सगळे मिळून पाच युनिटच्या आत काम होते. गॅसवर ज्वाळेची बहुतेक आच भांड्याच्या बाजूने हवेत जाते. शंभरातले तीस-चाळीस भागच पाण्याला मिळतात. त्या हिशेबाने याच कामाला जवळपास किलोभर गॅस लागेल.

आता वेळ पाहा. अमेरिकेतल्या घरात साधी वीज १२० व्होल्टची. तिच्या नेहमीच्या सॉकेटमधून फार तर १८०० वॅट मिळतात. त्या शेगडीवर २५ लिटरला उकळी यायला दीड तास लागतो, आणि उकळी आली तरी ती खळखळत नाही, नुसती हुंकारते. म्हणून तिकडचे छंदी लोक २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढून ३५०० वॅटची शेगडी घेतात. तिच्यावर पाऊण तासात उकळी येते. आपल्याकडे वीज मुळातच २३० व्होल्टची. म्हणजे या बाबतीत आपली वायरिंग अमेरिकेच्या पुढे आहे. फक्त तारेत वीज असली पाहिजे.

ते "फक्त" फार मोठे आहे. आमच्या शेगडीवर २००० वॅट लिहिले आहे. पहिल्या संध्याकाळी गावात दिवे लागले, पंप चालू झाले, व्होल्टेज खाली बसले आणि शेगडीने पडद्यावर चुकीचा आकडा दाखवून मान टाकली. दाट पेज अर्धी शिजलेली. पुढचे सगळे प्रयोग आम्ही पहाटे केले.

दुकानदार सांगत नाही ते

पहिली गोष्ट वजनाची. २५ लिटर पाणी, धान्य आणि भांडे मिळून तीस-पस्तीस किलो होते. घरगुती शेगडीची काच चहा-भाजीसाठी केलेली असते. अनुभवी लोक बाजूने लोखंडी चौकट करून वजन चौकटीवर घेतात आणि बूड काचेला जेमतेम टेकवतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. शेगडीवर "६०" किंवा "८०" अंश दिसतात ते काचेखालच्या काट्याने घेतलेले माप असते. ते काचेचे आणि बुडाचे तापमान, आतल्या भरडीचे नव्हे. आम्ही पडद्यावर ६० लावले आणि आत थर्मामीटर बुडवला, तर मेळ बसेना. तेव्हा भांड्यात स्वतःचा थर्मामीटर पाहिजेच. पडद्यावर विश्वास ठेवणे म्हणजे बाजारभावाची पाटी पाहून पट्टीची स्वप्ने पाहणे.

तिसरी गोष्ट मंद आचेची. स्वस्त शेगडी मंद चालत नाही. ती पूर्ण जोराने लागते, काही सेकंदांनी बंद होते, पुन्हा लागते. सरासरी मंद निघते, पण लागते त्या वेळी बुडाला चटका बसतो. शिवाय वेटोळे गोल असल्यामुळे बूड कड्याच्या आकारात जास्त तापते. आमची पहिली ज्वारीची पेज करपली ती बरोबर बांगडीच्या आकारात. मध्ये पांढरी, कडेला पांढरी आणि मधोमध काळे कडे. म्हणून जाड बुडाचे भांडे घ्यावे, भरड कापडी पिशवीत घालून बुडापासून वर जाळीवर ठेवावी आणि ढवळत राहावे. ज्यांच्या छातीत हृदयाचे यंत्र बसवले आहे त्यांनी चालू शेगडीवर वाकू नये, डॉक्टरांना विचारावे.

शेगडीच्या आधी कायदा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही शेगडी आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळते. मग अमेरिकेतल्या तळघरात जे झाले ते शेगडीमुळे झाले का? नाही.

अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरची वाइन मोकळी झाली, पण घरची बिअर कायद्यातून सुटून गेली आणि पुढे पंचेचाळीस वर्षे घरी बिअर बनवणारा कागदोपत्री गुन्हेगार राहिला. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दुरुस्तीवर सही केली. फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करविना बनवायची मोकळीक मिळाली. अट एकच : विकायची नाही. गाळण्याची परवानगी त्या कायद्याने दिली नाही. राज्यांचे कायदे वेगळे, म्हणून अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली मोकळी झाली. इंग्लंडने घरच्या बिअरचा परवाना १९६३ सालीच काढून टाकला होता.

परिणाम काय झाला? १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या अवाढव्य देशात बिअरचे शंभराच्या आत कारखाने उरले होते. मोठ्यांनी लहानांना गिळले होते. २०२२ पर्यंत तिथे नऊ हजारांच्या वर लहानमोठे कारखाने झाले. त्यातले कितीतरी घरच्या भांड्यात शिकलेल्या माणसांनी काढले. कॅलिफोर्नियातल्या चिको गावचा केन ग्रॉसमन घरी बिअर बनवायचा आणि त्या कामाच्या सामानाचे दुकान चालवायचा. त्याने सोबत्याबरोबर सिएरा नेव्हाडा ही कंपनी काढली ती जुन्या दुग्धशाळांची भांडी जोडून. आज ती देशातल्या मोठ्या कंपन्यांत मोजली जाते.

म्हणजे क्रम असा : आधी घरात चुकायची मोकळीक, मग चुकून शिकणे, मग चांगली शेगडी आणि भांडे, आणि शेवटी उद्योग. इंडक्शनच्या शेगडीवर वजनाची चौकट कोणी बसवली, पिशवी जाळीवर कोणी ठेवली? कुठल्या प्रयोगशाळेने नव्हे. करपलेले भांडे घासून कंटाळलेल्या माणसांनी. घरची बिअर विकतच्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून पुतण्या ती बनवत नाही. शेगडी, भांडे आणि वायरिंगचा खर्च धरला तर ती महागच आहे. तो आपल्या हाताने धान्याचे काय काय होते ते शिकतो.

ज्वारी या शेगडीवर का बसते

जगात बिअर म्हटली की सातू. पण आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या बायका घरी बनवत आल्या आहेत. बुर्किना फासोमध्ये तिला डोलो म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत उम्कोंबोथी. नायजेरियाने १९८८ साली सातू आणि माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले आणि शेतकऱ्याच्या ज्वारीला कारखान्याचे दार उघडले. अमेरिकेत ज्यांना गव्हा-सातूतले ग्लुटेन बाधते, त्यांच्यासाठी ज्वारीची बिअर बनते. एका मोठ्या कंपनीने २००६ साली ती बाजारात आणली. घरी बनवणारे काही जणही याच कारणाने ज्वारी वापरतात.

पण ज्वारी हट्टी आहे. सातूचे पीठ साठीच्या आसपास पाण्यात फुगते, त्याच तापमानात पाचक द्रव्ये काम करतात, आणि गाडी चालते. ज्वारीचे पीठ फुगायलाच सत्तरच्या आसपास किंवा वर जावे लागते, आणि तिथे पाचक द्रव्ये मरायला लागतात. कुलूप उघडते तेव्हा चोर मेलेला. म्हणून ज्वारीला दोन आचा लागतात.

आम्ही हे करून पाहिले, यीस्ट न टाकता. ज्वारी रात्रभर भिजवली, ओल्या पोत्यात चार दिवस मोड आणले, कडक उन्हात वाळवली. इथे एक इशारा. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे तुम्हाला सांगायला नको. तेच विष मोडाच्या कोंबात आणि मुळ्यांत असते. म्हणून वाळल्यावर चोळून, पाखडून कोंब-मुळ्या पूर्ण काढून टाकाव्या लागतात. मग भरडले. पहिल्या वेळी भरड सरळ ६५ अंशांच्या पाण्यात टाकली. तासाने चाखली तर कच्च्या पिठाची चव आणि जेमतेम गोडी. दुसऱ्या वेळी भरड कोमट पाण्यात भिजवली, निवळू दिली, आणि वरचे निवळ पाणी वेगळे काढून ठेवले. पाचक द्रव्ये त्या पाण्यात उतरतात. खालचा गाळ शेगडीवर ढवळत उकळून त्याची पेज केली. पेज ६५ अंशांपर्यंत निवू दिली आणि मग निवळ पाणी परत ओतले. थोड्याच वेळात दाट पेज पाण्यासारखी पातळ झाली, आणि तासाभराने चाखली तर गोड. साखरेचा दाणा टाकला नव्हता. घरातल्या पोरांनी पातेले चाटून पुसून ठेवले.

ही आंबीलही नव्हे आणि बिअरही नव्हे. हे ज्वारीचे सत्त्व आहे आणि ते बनवायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. चुलीवर हे जमले नसते असे नाही. पण चुलीवर ६५ अंश तासभर धरायचे तर एक बाई तासभर धुरात बसवावी लागते. इथे थर्मामीटर आणि बटण पुरते.

एक आशा मात्र तुम्हाला दाखवणार नाही. पावसात काळी पडलेली ज्वारी या कामाची नाही. तिला धड मोड येत नाहीत आणि बुरशी धरते. माल्टला धान्य बियाण्यासारखेच चांगले लागते.

मावशींना उत्तर

मावशी, आज तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात. तुमचा प्रश्न खरा आहे आणि आमचे उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग : घराघरांत बिअर झाली पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. गावात दारू असावी की नसावी याचा निर्णय ज्यांनी ती सोसली त्यांचा आहे, आणि त्यात पहिला शब्द बायकांचा. पण तुमचे घर ज्या दारूने बुडाले ती बंदी असतानाच आली होती, हेही विसरू नका. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली, ती कोणाच्या स्वयंपाकघरातल्या धान्याने मेली नाहीत. त्या दारूत मिथेनॉल होते. माणूस मेला तो लपवाछपवीच्या धंद्याने.

दुसरा भाग : सरकारची दारूशी सोयरीक नाही असे समजू नका. २००७ साली याच राज्यात धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले होते आणि त्यावर मोठे वादळ उठले. पुण्यात २००९ पासून हॉटेलात ग्राहकासमोर बिअर बनते, रीतसर परवान्याने. म्हणजे धान्याचे मद्य मोठ्याला करता येते, शहराला करता येते. ज्वारी पिकवणाऱ्याला मात्र आपल्या धान्याचे शास्त्रही माहीत नसते. आम्हाला खुपते ते हे. दारू प्यायला मिळत नाही याचे दुःख नाही. दाणा उंबऱ्याबाहेर गेला की त्याचे पुढे काय होते ते दुसऱ्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, याचे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच. या जिल्ह्यातल्या पाच गावांत महिला आघाडीने एक-एक इंडक्शन शेगडी, जाड बुडाचे चुंबकाला धरणारे भांडे आणि एक थर्मामीटर घ्यावा. चांगल्या ज्वारीचे सत्त्व करून पाहावे. किती धान्याला किती सत्त्व उतरले, किती युनिट पडले, किती वेळा व्होल्टेजने दगा दिला, कोणते वाण गोड निघाले, याची वही ठेवावी. पुढच्या बैठकीत त्या वह्या इथे वाचल्या जातील. ज्यांच्या भांड्याला काळे कडे पडेल त्यांनी ते भांडेही आणावे. लाजू नये, आम्हीही आमची दोन आणली आहेत, त्या टेबलाखाली आहेत.

मावशी, पहिली शेगडी तुमच्या गावाला द्यायची असे आम्ही ठरवले आहे. वही तुम्ही धरा. त्या वहीत यीस्टचे पान येणार की नाही, तेही तुम्हीच ठरवा.